गार्नेटवरून खोली ओळखणारा माणूस

मी येळ्ळूरचा. बेळगावकडच्या आम्हा लोकांना दगड म्हटला की काळा बेसाल्ट नाहीतर तांबडा जांभा. पण खानापूरच्या बाजूला गेलं की त्याहून कितीतरी जुने, जमिनीच्या पोटात दाबले आणि भाजले गेलेले रूपांतरित खडक लागतात. ते किती खोल गेले होते, किती तापले होते, हे आज कसं कळणार? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा लुईस ली फर्मर हे नाव सापडलं.

फर्मर यांचा जन्म १८८० सालचा, लंडनचा. १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले आणि त्यांच्या वाट्याला मँगनीज आलं. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा हा सगळा पट्टा त्यांनी पालथा घातला. १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर त्यांचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या तिथल्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं.

१९१३ मध्ये त्यांनी एक वेगळाच विचार मांडला. गार्नेट हे वजनदार खनिज, कमी जागेत जास्त द्रव्य मावणारं. दाब वाढला की खडकातली खनिजं कमी जागा घेणारं रूप धरतात. म्हणजे काही खडकांत गार्नेट दिसणं ही खोलीची खूण. गार्नेट हा त्यांच्या लेखी पृथ्वीचा दाबमापक होता. यावरून त्यांनी कवचाखाली गार्नेटयुक्त एक्लोजाइट खडकाचा थर असावा असा अंदाज केला. तो जसाच्या तसा टिकला नाही. तिथे मुख्यतः पेरिडोटाइट आहे, असं आज मानतात.

पण दाबमापकाची कल्पना मात्र टिकली. आता गार्नेट आणि काळा अभ्रक शेजारी असले, तर लोह आणि मॅग्नेशियम दोघांत कसं वाटलं गेलंय ते मोजून तापमान काढतात. गार्नेट आणि प्लॅजिओक्लेज यांच्यातल्या कॅल्शियमवरून, जोडीला कायनाइट व क्वार्ट्झ असतील तर, दाबाचा हिशोब लागतो. ही खनिजं एकाच वेळी, एकमेकांशी समतोलात वाढली होती का, हे आधी तपासावं लागतं. नाहीतर आकडा येतो, पण खोटा.

भुसावळला कोळशासाठी खोल छिद्र पाडलं, तेव्हा त्यात लागलेल्या बेसाल्टच्या थरांचाही फर्मर यांनी अभ्यास केला. पुढे ते सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो आणि १९३५ मध्ये 'सर'. या सगळ्यात संसार मात्र दुरावला. मुलगा पॅट्रिक इंग्लंडमध्ये वाढला आणि पुढे प्रवासलेखक म्हणून बापापेक्षा जास्त गाजला. फर्मर १९५४ साली वारले. 'फर्मोराइट' या खनिजाला त्यांचं नाव दिलं गेलं होतं.

खाणीत मँगनीज मोजायला आलेला हा माणूस हातातल्या दाण्यावरून पृथ्वीच्या पोटाचा विचार करत बसला. सगळं बरोबर आलं नाही. तरी त्याने विचारलेला प्रश्न आजही प्रयोगशाळेत रोज सोडवला जातो, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं.