यशवंतराव डॉक्टर झाले ते कशासाठी?

ताडीवाला रोड, जनता वसाहत, येरवडा अशा पुण्यातल्या वस्त्यांमधली आमची मुले-मुली आता 'नीट'च्या तयारीला बसू लागली आहेत. ज्यांच्या आज्याला दवाखान्याच्या दारात उभे करत नव्हते, त्यांची नातवंडे डॉक्टर व्हायचे म्हणतात. आम्हाला याचा अभिमान आहे. पण ध्येय काय, असे विचारले की 720 पैकी अमुक गुण, एवढेच उत्तर येते. गेल्या वर्षीचा कटऑफ यंदा राहत नाही. पोर जिवाचे रान करून आकडा गाठते आणि निकालाच्या दिवशी आकडाच पुढे सरकलेला असतो. मग घरात सुतक पडल्यासारखे होते. अशा वेळी आम्हाला गंज पेठेत वाढलेल्या एका मुलाची आठवण होते.

त्या मुलाचे नाव यशवंत. आई काशीबाई ही ब्राह्मण विधवा. फसवली गेलेली आणि जीव द्यायला निघालेली ही बाई जोतिराव फुले यांनी घरी आणली. विधवांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत म्हणून फुले दाम्पत्याने 1863 सालीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. काशीबाईचे बाळंतपण झाले तेव्हा मुलाची नाळ सावित्रीमाईंनी स्वतः कापली. पुढे 1874 साली हेच मूल त्यांनी दत्तक घेतले. ज्या धर्माने त्याला जन्मताच कलंक ठरवले, त्या धर्माच्या ठेकेदारांच्या नाकावर टिच्चून!

1887 साली जोतिरावांनी मृत्युपत्र केले. यशवंत तेव्हा जेमतेम 13 वर्षांचा होता, इंग्रजी शिकत होता. हे मृत्युपत्र आमच्या प्रत्येक पालकाने वाचावे. सावित्रीबाईंनी यशवंताला शिकवून शहाणे करावे, असे त्यात आहे. आणि तो शिकला नाही, वाईट मार्गाला लागला, तर माळी, कुणबी, धनगर अशा शूद्र समाजातला एखादा लायक मुलगा निवडून मिळकतीचा कारभार त्याच्याकडे द्यावा, असेही आहे. वारसा रक्ताने मिळणार नाही, विद्येने मिळेल! आमच्या मते एका घराने मुलासाठी लिहून ठेवलेले हे ध्येयच होते. त्यात गुणांचा आकडा नाही. काय शिकायचे आणि न शिकल्यास काय, एवढेच स्वच्छ लिहिले आहे.

आमच्या मुलांनीही आपले ध्येय असेच कागदावर उतरवावे. कटऑफ आपल्या हातात नाही. आज रात्रीपर्यंत कोणता धडा संपवायचा, रविवारच्या सराव परीक्षेत चुकलेले प्रश्न मंगळवारपर्यंत पुन्हा सोडवायचे की नाही, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. निम्मे गुण, म्हणजे 720 पैकी 360, एकट्या जीवशास्त्राला आहेत आणि त्याची एनसीईआरटीची पुस्तके फुकट मिळतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे अजून आमच्या कित्येक घरांना ठाऊक नाही. ठाऊक व्हावे अशी क्लासवाल्यांना घाई नसावी.

मृत्युपत्रानंतर वर्षभरातच, 1888 साली, जोतिरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला. उपचाराला डॉ. विश्राम रामजी घोले होते. पुण्यातला घोले रोड यांच्याच नावाचा. गवळी समाजातून वर आलेला हा सत्यशोधक डॉक्टर. असा डॉक्टर यशवंताने आपल्याच घरात पाहिला. 1889 च्या फेब्रुवारीत हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या राधा या मुलीशी त्याचा सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीमाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि चितेला अग्नीही स्वतःच दिला. घरची स्थिती बिकट होती. मामा परमानंद यांनी त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकला होता. अशाही स्थितीत माईंनी 1893 साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले आणि यशवंताचे शिक्षण थांबू दिले नाही. क्लासच्या फीचा हप्ता चुकला म्हणून खचणाऱ्या आमच्या आयांनी हे ध्यानात घ्यावे. यशवंतराव डॉक्टर झाले आणि लष्करात रुजू झाले. राधा मात्र 1895 सालीच वारली.

1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग भडकला. या रोगाचा जंतू सापडून तेव्हा जेमतेम 3 वर्षे झाली होती. हाफकिन यांची लस मुंबईत नुकतीच तयार झाली होती आणि रोग बरा करणारे औषध तर नव्हतेच. ज्याला शक्य तो शहर सोडून पळत होता. माईंनी उलट मुलाला बोलावून घेतले. यशवंतराव रजा घेऊन आले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यांनी दवाखाना उघडला. इथे जात विचारली जात नव्हती. रोगी गोळा करून आणायचे काम पासष्टी ओलांडलेल्या माई करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातले पांडुरंग गायकवाड यांचा मुलगा प्लेगने पडला, तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखाना गाठला. पोर वाचले, असे सांगतात. माईंना प्लेगने धरले. 10 मार्च 1897 च्या रात्री त्या मुलाच्याच दवाखान्यात गेल्या.

यशवंतराव पुन्हा नोकरीवर गेले. 13 ऑक्टोबर 1905 रोजी प्लेगच्या रोग्यांवर उपचार करता करता ते स्वतः प्लेगचे बळी झाले. वय तिशीच्या थोडेसेच पुढे. मागे दुसरी पत्नी चंद्रभागा आणि लहान मुलगी राहिली. डॉक्टरने माडी बांधली नव्हती, शिल्लकही ठेवली नव्हती. गंज पेठेतले ते घर चंद्रभागाबाईंना मातीमोलाने विकावे लागले आणि त्यांचे पुढचे दिवस याच पुणे शहरात हलाखीत गेले. त्यांना विचारायला कोणी आले नाही. आज त्याच घराचे स्मारक झाले आहे, फुले वाडा म्हणतात ते हेच.