सिनेमा बोलायला लागला, तेव्हा दादासाहेब फाळक्यांचं काय झालं?

दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय सिनेमाचे जनक, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यांची अखेरची वर्षं मात्र फारशी सांगितली जात नाहीत.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडून ‘राजा हरिश्चंद्र’ बनवला. तो १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! मूकपटात हे खपून जायचं, कारण आवाजाचा प्रश्नच नव्हता. पडद्यामागे मात्र बाई होती. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सगळं बदललं. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टीत, त्यांनी कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाच्या पुरस्काराच्या पहिल्या मानकरी ठरल्या देविका राणी, बोलपटांच्या नायिका.