वाफेचा हिशेब मांडणारे नॉर्बर्ट रिल्यू

बेळगाव भागातील आपल्या मुलांना गुऱ्हाळ नवे नाही. उसाच्या रसातले पाणी उडवून गोडवा मागे ठेवायचा, हेच काम साखर कारखाना बंद पात्रांत करतो. या पद्धतीचे जनक नॉर्बर्ट रिल्यू यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

रिल्यू यांचा जन्म १७ मार्च १८०६ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडील गोरे, तर आई कृष्णवर्णीय वंशाची, पण गुलाम नसलेली स्त्री. वडिलांनी मुलाला शिकायला पॅरिसला पाठवले. अवघ्या चोविसाव्या वर्षी ते तेथे उपयोजित यांत्रिकी हा विषय शिकवू लागले.

त्या काळी लुइझियानात रस उघड्या काहिलींत आटवत. उकळता रस पळ्यांनी एका काहिलीतून दुसरीत ओतण्याचे काम गुलामांकडून करून घेत. कित्येकजण भाजत. सरपण अतोनात लागे आणि साखर काळपट होई.

रसातून निघालेली वाफ वाया का घालवायची? पहिल्या पात्रातील वाफेने दुसऱ्यातील रस उकळावा, दुसऱ्यातील वाफेने तिसऱ्यातील, असे रिल्यू यांनी योजले. दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पात्रात दाब कमी ठेवला.

आता हिशेब पाहा. १०० किलो रसात १५ किलो घन पदार्थ आहेत आणि पाक ६० टक्क्यांचा हवा आहे. पाक भरेल २५ किलो, म्हणजे ७५ किलो पाणी उडवायचे. एका पात्रात त्याला साधारण ७५ किलो वाफ लागते, तीन पात्रांत साधारण २५ किलो. मग पात्रे दहा का नकोत? तापमानाचा एकूण फरक सर्व पात्रांत वाटला जातो. वाटा लहान झाला की तापणारा पृष्ठभाग वाढवावा लागतो आणि खर्च चढतो.

१८४३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. मळेवाल्यांनी यंत्र आनंदाने घेतले, पण ते बनवणाऱ्याला बरोबरीचा पाहुणा मानणे त्यांना जड गेले. शहराच्या सांडपाण्यासाठी रिल्यू यांनी आखलेली योजनाही नाकारली गेली. अखेर ते पॅरिसला परतले. तेथे इजिप्तच्या चित्रलिपीचा अभ्यास केला आणि उतारवयात पुन्हा साखरेकडे वळले. ८ ऑक्टोबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकन केमिकल सोसायटीने २००२ मध्ये त्यांच्या शोधाचा गौरव केला.

माणसाचा रंग पाहणाऱ्यांना त्याची बुद्धी दिसली नाही, तरी त्याचा हिशेब आजही कारखान्यांत चालतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वरील गणित चार पात्रे धरून सोडवावे, असे आम्ही सुचवतो.