सांतियागो रामोन इ काहाल

सांतियागो रामोन इ काहाल (१ मे, १८५२ – १७ ऑक्टोबर, १९३४) हे स्पॅनिश वैद्य व ऊतिशास्त्रज्ञ होते. चेतासंस्था ही सलग जाळे नसून स्वतंत्र पेशींची बनलेली असते, हा चेतापेशी सिद्धान्त त्यांनी निरीक्षणांच्या आधारे प्रस्थापित केला. या कार्यासाठी त्यांना १९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कामिल्लो गॉल्जी यांच्यासमवेत मिळाले.

जीवन

काहाल यांचा जन्म स्पेनमधील पेतिया दे आरागोन येथे झाला. त्यांना चित्रकलेची ओढ होती. शल्यचिकित्सक असलेल्या वडिलांना ती मान्य नव्हती. काही काळ त्यांना न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारी करावी लागली. १८७३ मध्ये सारागोसा येथे वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर ते लष्करी वैद्य म्हणून क्यूबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले. पुढे वालेन्सिया, बार्सेलोना व माद्रिद येथे त्यांनी अध्यापन केले.

संशोधन

गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या रंजनपद्धतीत चांदीच्या क्षारांमुळे मोजक्याच चेतापेशी काळ्या होऊन पूर्ण आकारात दिसत. काहाल यांनी ही पद्धत सुधारली आणि तंतूंवर आवरण चढण्यापूर्वीच्या, भ्रूणाच्या व नवजात प्राण्यांच्या ऊतींवर वापरली. १८८८ मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात अक्षतंतूंची टोके मोकळी असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष त्यांनी स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात छापले, परंतु स्पॅनिश वाचणारे शास्त्रज्ञ थोडे होते. म्हणून १८८९ मध्ये त्यांनी बर्लिनच्या परिषदेत आपल्या काचपट्ट्या प्रत्यक्ष दाखवल्या. आल्बर्ट फोन क्योलिकर यांना त्या पटल्या आणि काहाल यांचे नाव युरोपभर झाले. गॉल्जी यांनी मात्र नोबेल व्याख्यानातही या सिद्धान्ताला विरोध केला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट स्पष्ट दाखवली, तेव्हा वाद मिटला.

अक्षतंतूच्या वाढत्या टोकावरील वर्धनशंकूचे वर्णनही काहाल यांनी १८९० मध्ये केले. तुटलेल्या चेतांचा ऱ्हास व पुनर्निर्मिती यांवरील त्यांचा ग्रंथ १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तरकालीन महत्त्व

अक्षतंतू हा एकाच पेशीचा भाग असेल, तर पेशीकायेपासून माणसाच्या पायापर्यंत, सुमारे एक मीटर अंतरावर, प्रथिने कशी पोहोचतात, हा प्रश्न उरतो. केवळ विसरणाने हे शक्य नाही. १९४८ मध्ये पॉल वाइस व हेलन हिस्को यांनी आवळलेल्या चेतेत पेशीद्रव्य साचते, असे दाखवले. १९८५ मध्ये माकूळाच्या महाअक्षतंतूच्या अभ्यासातून कायनेसिन हे प्रेरक प्रथिन सापडले. एटीपीची ऊर्जा वापरून ते सूक्ष्मनलिकेवर सुमारे ८ नॅनोमीटरच्या पावलांनी सरकते आणि माल टोकाकडे नेते; डायनीन उलट दिशेने आणते. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटरपर्यंत असतो. ही वाहतूक बिघडल्यास लांब अक्षतंतूंना हानी पोहोचते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या विषयावर संशोधन झाले आहे.