स्वरांना अक्षरे देणारे पंडित भातखंडे

शिरूर असो वा दौंड, भजन असो वा कव्वाली, साथीला पेटी हवीच. पेटी म्हणजे हार्मोनियम. पियानोप्रमाणे पेटीलाही पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. पट्टी दाबली की स्वर निघतो. पण कोणती पट्टी केव्हा दाबायची, हे कसे कळणार? युरोपात पियानो शिकणारी मुले पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचून वाजवतात. आपल्याकडे मात्र गाणे गुरूच्या तोंडून ऐकूनच शिकण्याची रीत होती. ते गाणे कागदावर उतरवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे हे चरित्र.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. लहानपणी त्यांना बासरीचा नाद होता. पुढे ते सतार शिकले. गाण्याच्या नादात त्यांनी शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष केले नाही. १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली एलएल. बी. होऊन वकिली करू लागले.

मुंबईत पारशी मंडळींनी चालवलेली ‘गायन उत्तेजक मंडळी’ नावाची संस्था होती. भातखंडे १८८४ साली तिचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ते ध्रुपद शिकले, तर अली हुसेन आणि विलायत हुसेन या उस्तादांकडून ख्याल शिकले.

उस्ताद, ख्याल, चीज, बंदिश हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. आपल्या संगीतात हिंदू आणि मुसलमान दोघांचीही मेहनत कशी एकत्र आली आहे, हे या शब्दांवरूनच दिसते. पण त्या काळी एक मोठी अडचण होती. घराण्याच्या चिजा हे उस्तादांचे धन होते. वडील ते मुलाला देत, किंवा एखाद्या आवडत्या शागिर्दाला देत. परक्याला ते सहसा मिळत नसे. शागिर्द तयार होण्याआधीच उस्ताद वारले, तर त्या चिजाही त्यांच्याबरोबर जात. शिवाय एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात. हा अनमोल ठेवा नष्ट होईल, ही चिंता भातखंडे यांना लागून राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. पत्नी गेली आणि एकुलती एक मुलगीही गेली. त्यानंतर त्यांनी आपले सारे लक्ष संगीताकडे वळवले व पुढे वकिलीही सोडली.

१९०४ साली ते दक्षिणेत मद्रास, तंजावर, मदुरा या भागांत फिरले. तेथील जुन्या ग्रंथांत रागांची मांडणी ७२ मेळांत केलेली त्यांना आढळली. पुढे त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी १० थाट ठरवले. नंतरच्या वर्षांत त्यांनी हैदराबाद, कलकत्ता, बनारस, लखनौ अशा अनेक शहरांना भेटी दिल्या. जेथे ग्रंथ होता तेथे तो वाचला. जेथे गवई होता तेथे त्याला ऐकले.

चिजा मिळवणे मात्र सोपे नव्हते. त्यासाठी विनय हवा होता आणि धीरही हवा होता. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशिक अली यांच्याकडून त्यांना पुष्कळ दुर्मीळ चिजा मिळाल्या. रामपूरला नवाब हमीद अली खाँ यांनी त्यांना आश्रय दिला. तेथील थोर कलावंत उस्ताद वजीर खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. वयाने आणि विद्वत्तेने मोठा असलेला हा माणूस उस्तादांपुढे विद्यार्थी होऊन बसला.

मिळालेली चीज लिहिण्यासाठी भातखंडे यांनी एक सोपी पद्धत तयार केली. तिला स्वरलिपी म्हणतात. पेटीवरील पांढरी एक ही पट्टी ‘सा’ मानली, तर पुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवर रे, ग, म, प, ध, नि हे शुद्ध स्वर मिळतात. मधल्या पाच काळ्या पट्ट्यांवर कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नि मिळतात. भातखंडे यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ दिली आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिली. खालच्या सप्तकातील स्वराखाली बिंदू आणि वरच्या सप्तकातील स्वरावर बिंदू दिला. उर्दूत नुक्ता खाली दिला तर ‘बे’ होतो आणि वर दिला तर ‘नून’ होतो; तसेच हे आहे. एवढासा बिंदू, पण त्याने स्वराची जागा बदलते. तालात सम दाखवण्यासाठी फुली आणि खाली दाखवण्यासाठी शून्य अशी चिन्हे त्यांनी वापरली. ज्याला अक्षर-ओळख आहे, त्याला ही लिपी थोड्या सरावाने वाचता येते.

या कामावर टीकाही झाली. काही उस्तादांना शास्त्र ठाऊक नाही, असे भातखंडे यांनी परखडपणे लिहिले. त्यामुळे कलावंत दुखावले. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड कागदावर कशी येणार, असाही प्रश्न होता. हा आक्षेप खरा आहे. पेटीच्या पट्टीवरही मींड निघत नाही. त्याच सुमारास सांगलीचे देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना साहाय्य केले होते. भातखंडे यांना मात्र रोजच्या शिक्षणासाठी बारा स्वर पुरेसे वाटत. कागद चीज जपून ठेवतो. तिच्यात प्राण भरण्यासाठी गुरूचा गळा आणि शिष्याचा कान लागतोच.

‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा मोठा ग्रंथ भातखंडे यांनी मराठीत लिहिला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून त्यात रागांची माहिती दिली आहे. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्यांनी सुमारे १८०० चिजा स्वरलिपीसह दिल्या. त्यांचे विचार उर्दू वाचकांपर्यंतही पोहोचले. त्यांचे स्नेही राजा नवाब अली खाँ यांनी याच पद्धतीवर ‘मआरिफुन्नगमात’ हा उर्दू ग्रंथ लिहिला.

१९१६ साली बडोद्यात त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित आणि उस्ताद तेथे एकत्र बसले. १९१८ साली ग्वाल्हेरला आणि १९२६ साली लखनौला संगीत विद्यालये सुरू झाली. लखनौच्या विद्यालयाचे नाव तेव्हा मॅरिस कॉलेज होते. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तकमालिकेचे अखेरचे भाग त्यांनी छापून आलेले पाहिले नाहीत. परंतु ज्या चिजा पूर्वी एका घराच्या भिंतीआड होत्या, त्या आज कोणत्याही गावातील मूल पुस्तक उघडून पेटीवर वाजवू शकते.

शब्दार्थ
वेचणे – खर्च करणे
ठेवा – जपून ठेवलेले धन
चीज – रागात बांधलेले गीत, बंदिश
परखडपणे – स्पष्ट शब्दांत
पक्षाघात – लकवा

स्वाध्याय
१. उस्तादांच्या चिजा नष्ट होण्याची भीती का होती?
२. भातखंडे यांनी कोमल व तीव्र स्वर कसे दाखवले?
३. कागदावर काय जपता येते आणि गुरूकडूनच काय शिकावे लागते? पाच-सहा वाक्ये लिहा.
४. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधून लिहा.