स्वावलंबनाची पाठशाळा : रमाबाई रानडे
विधवेला दया नव्हे, तर शिक्षण, दाखला आणि पगाराची जागा मिळाली पाहिजे, या विचारातून पुण्याचे सेवासदन उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात उभारलेल्या या कार्याचा परिचय.

पहाटेच्या वेळी ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या फलाटांवर स्त्रियांची जी गर्दी उसळते, तिच्यात परिचारिका असतात, शिक्षिका असतात, दवाखान्यांत, कचेऱ्यांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या असतात. गाडी पकडण्याच्या त्या धांदलीत आपण काही विशेष करीत आहोत, असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नाही. बाईने शिकावे, शिकल्याचा दाखला मिळवावा आणि त्या दाखल्याच्या बळावर महिन्याचा पगार घरी आणावा, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हीच गोष्ट कुलीन घराण्याची अब्रू घालवणारी समजली जात होती. ती अब्रूची समजूत मोडून काढण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे स्थान फार वरचे आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या घरी नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा विद्वान आता स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे रानड्यांना मान तुकवावी लागली. सुधारकांनी त्यांना दोष दिला आणि तो दोष त्यांना आयुष्यभर चिकटला. या अपयशाची भरपाई म्हणून की काय, त्यांनी आपल्या निरक्षर बालवधूच्या शिक्षणाला लग्नानंतर लगेच प्रारंभ केला.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. रात्री पतीकडून धडा घ्यायचा आणि दिवसभर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे ऐकायचे, असा तो क्रम होता. मराठी वाचता येऊ लागल्यावर इंग्रजी सुरू झाले, तेव्हा तर या टोमण्यांना धारच चढली. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. न बोलता, पण न हटता काम पुढे रेटण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली. रानड्यांची दृष्टी अधू होती. त्यामुळे वर्तमानपत्रे, पुस्तके, टपाल वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले आणि देशातील सार्वजनिक प्रश्नांची ओळख त्यांना घरबसल्या होत गेली.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी हिंदुस्थानातील मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली होती. पुढे सेवासदनाने हाती घेतलेल्या कामाचे बीज त्या मागणीत होते. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंनी केले. भर सभेत परक्या पुरुषांसमोर इंग्रजी वाचणारी सून घरच्या बायकांना सहन झाली नाही. त्या दिवशी त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. पण हुजूरपागेची शाळा मात्र त्याच वर्षी सुरू झाली.

याच सुमारास कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण घेत होत्या. १८८६ साली त्यांनी पदवी मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, हाती घेतलेले काम सुरू होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. अवघ्या महाराष्ट्राला या घटनेने चटका लावला. आनंदीबाईंचे धैर्य असामान्य होते. परंतु असामान्यांच्या वाटेने सामान्य बाई जाऊ शकत नाही. तिला घराजवळ, तिच्या भाषेत, तिच्या ऐपतीत मिळणारे शिक्षण हवे असते. ते देणारी संस्था निघायला आणखी वीस-बावीस वर्षे जावी लागली.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि दांपत्य मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब चालवला. त्यात भाषा, सामान्य ज्ञान, शिवण आणि हस्तकाम यांचे वर्ग भरत. या वर्गांना येणाऱ्या बहुतेक स्त्रिया खात्यापित्या घरच्या होत्या. शिकणे हा त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळेचा सदुपयोग होता. पोटाचा प्रश्न त्यात अद्याप आला नव्हता.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हते. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. ज्या वैधव्याविषयी पतीने जन्मभर लिहिले आणि बोलले, ते आता त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आले होते. त्यांना अन्नवस्त्राची चिंता नव्हती, मानही होता. तरीही समारंभात पुढे न येणे, शुभकार्यात बाजूला उभे राहणे हे त्यांनाही चुकले नाही. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि नावही नव्हते, त्यांची स्थिती काय असेल, याची कल्पना करणे त्यांना अवघड नव्हते. सासरी किंवा भावाच्या घरी बिनपगारी स्वयंपाकीण म्हणून राबणे आणि दोन वेळच्या अन्नासाठी कायम मिंधे राहणे, हेच तेव्हा असंख्य विधवांचे जिणे होते.

एकांतातून बाहेर पडल्यावर रमाबाईंनी येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटण्यास सुरुवात केली. रुग्णालयांतील बायकांची त्या विचारपूस करीत. १९०४ साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, तेव्हा अध्यक्षपदासाठी त्यांनी रमाबाईंनाच गळ घातली. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच या संस्थेचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे उजवे हात होते. बाहेरची खटपट, वर्गणी, सरकारी पत्रव्यवहार देवधरांकडे आणि घरोघर जाऊन आयाबायांचे मन वळवण्याचे काम रमाबाईंकडे, अशी ती वाटणी होती. त्यांच्या नावाचा मान मोठा होता. रमाबाईंच्या वाड्यात मुलगी पाठवायची म्हटल्यावर विरोध करणाऱ्या सासऱ्यालाही एकदम नाही म्हणता येत नसे.

विधवांच्या शिक्षणाचा प्रयत्न पुण्यात नवा नव्हता. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यास आले होते. पण धर्मांतराच्या वादात अनेक हिंदू कुटुंबांनी मुली काढून घेतल्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्यास नेला. सेवासदनाचे वेगळेपण असे की त्याने शिक्षणाची सांगड थेट नोकरीशी घातली. शिकून काय करायचे, हा प्रश्न अखेरीस विचारण्याऐवजी तेथे आरंभीच विचारला गेला.

यामागे व्यवहाराची अचूक जाण होती. मुलींच्या शाळा निघत होत्या, पण त्यांना स्त्री शिक्षिका मिळत नव्हत्या. १८८५ च्या डफरिन निधीनंतर स्त्रियांसाठी दवाखाने वाढू लागले होते, पण हिंदू घरांतील परिचारिका जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे जागा होत्या आणि माणसे नव्हती. दुसरीकडे हजारो विधवा रिकाम्या हातांनी घराच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. या दोन टोकांना जोडणारा पूल रमाबाईंनी बांधला. प्रौढ, निरक्षर बाईसाठी प्राथमिक वर्ग. तेथून पुढे गेलेल्या विद्यार्थिनीसाठी शिक्षिका तयार करणारे अध्यापन विद्यालय. धीट आणि काटक मुलींसाठी ससून रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण. त्याहून पुढे जाऊ शकणाऱ्यांसाठी सब-असिस्टंट सर्जनचा वैद्यकीय अभ्यासक्रम. आणि ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी शिवण, विणकाम, भरतकाम, अशा पायऱ्या तेथे बांधल्या गेल्या. प्रत्येक पायरीवरून कुठेतरी मिळकतीच्या कामापर्यंत वाट जात होती.

या रचनेचा कणा होता वसतिगृह. परगावच्या बाईला राहण्याची सुरक्षित, सोवळ्याओवळ्याचा फार बाऊ न करताही घरच्यांना पटेल अशी जागा मिळाल्याशिवाय कोणताही वर्ग भरणार नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. परिचारिकांसाठी आणि वैद्यकीय विद्यार्थिनींसाठी निराळी वसतिगृहे काढण्यात आली. रात्रपाळीवर जाणाऱ्या मुलीविषयी गावात कुजबुज होई. तिच्या पाठीशी रमाबाईंचे नाव आहे, एवढ्यानेच ती बरीचशी थांबे.

परिचारिकेच्या कामाला झालेला विरोध सर्वांत कडवा होता. परजातीच्या रुग्णाला शिवायचे, त्याचे मलमूत्र काढायचे, परक्या पुरुषांच्या वॉर्डात वावरायचे, ही कल्पनाच उच्चवर्णीय घरांना शिसारी आणणारी होती. रमाबाईंनी वाद घातला नाही. सेवा हा धर्म आहे, हे त्यांनी लोकांच्या ओळखीच्या भाषेत, पुराणे आणि संतांचे दाखले देत सांगितले. आळंदीच्या आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात आणि यात्रेकरू बायकांची शुश्रूषा करीत. ज्या समाजाला पटवायचे त्याच्या देवदर्शनाच्या वाटेवरच त्यांनी आपल्या मुलींचे काम दाखवले.

संस्थेच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग प्रसिद्ध आहे. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा पारंपरिक वेषात, केशवपन केलेल्या मस्तकावर पदर ओढून व्यासपीठावर आली. सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी तिची टर उडवण्यास सुरुवात केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या, तेव्हा संतापलेल्या होत्या. दैवाने आणि रूढीने आधीच पिचलेल्या बहिणीला हसणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असा जाब त्यांनी त्या तरुणांना विचारला. सभागृह चिडीचूप झाले. पदवी आणि शिक्षण यांतील अंतर त्या दिवशी पुण्याच्या तरुणांना समजावून सांगावे लागले.

या कार्याला मर्यादाही होत्या. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत ब्राह्मण घरांतील विधवांचेच प्रमाण मोठे होते. शेतात, गिरणीत, बांधकामावर कष्टणाऱ्या बहुजन स्त्रिया त्याआधीपासूनच कमावत होत्या आणि त्यांचे प्रश्न निराळे होते. रमाबाईंची भाषा समजुतीची होती, बंडाची नव्हती. पंडिता रमाबाईंसारखी त्यांनी चौकट मोडली नाही. ती आतून रुंद केली. त्यांच्या काळात यावर टीका झाली आणि आजही होऊ शकते. पण त्या चौकटीत अडकलेल्या बाईला उद्या सकाळी बाहेर काढायचे, तर दार तिच्याच घराच्या भिंतीत पाडावे लागेल, हे त्यांनी जाणले होते.

समजुतीने वागणे म्हणजे माघार घेणे, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता. पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा पैसा अपुरा असल्याने सक्ती आधी मुलांपुरती ठेवावी, असे टिळकपक्षाचे म्हणणे होते. मुलींना वगळता कामा नये, या मागणीसाठी रमाबाईंनी स्त्रियांना संघटित केले. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या आघाडीवर होत्या.

१९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रात्मक लेखनात त्याला मानाचे स्थान आहे. पण त्या पुस्तकातील कथा न्यायमूर्तींच्या निधनापाशी संपते. रमाबाईंचे स्वतंत्र कार्य त्यानंतर सुरू झाले आणि त्याविषयी त्यांनी फारसे लिहिले नाही. त्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या मनात पतीकडून धडा घेणारी बालवधू ठसली आणि हजार स्त्रियांच्या शिक्षणाची सोय लावणारी संघटक काहीशी मागे राहिली. २०१२ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने त्यांचे नाव घराघरांत पोहोचवले, तेही मुख्यतः त्या बालवधूच्या रूपात.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. तेव्हा पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. वाड्यातल्या चार खोल्यांत सुरू झालेल्या कामाने पंधरा वर्षांत ही मजल मारली होती. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आजही ठाणे-कल्याण पट्ट्यात परिचारिकांचे, शिवणकामाचे, संगणकाचे वर्ग चालवून गरजू मुलींना नोकरीपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करणाऱ्या संस्था दिसतात. साधने बदलली, अभ्यासक्रम बदलले. अडचणी मात्र ओळखीच्या आहेत. शिकवलेल्या कामाला बाहेर मागणी आहे का, दूरच्या मुलीने राहायचे कुठे, रात्रपाळीवरून ती सुखरूप परतेल कशी आणि घरच्यांचे मन कोण वळवणार, हे प्रश्न १९०९ साली रमाबाईंच्या वाड्यातही होते. तेथे त्यांची उत्तरे एकेका बाईगणिक शोधली गेली. त्या बाईच्या हाती महिनाअखेरीस पहिला पगार पडे, तेव्हा घरातील तिची जागा कोपऱ्यातून थोडी पुढे सरके. पहाटेची गाडी पकडणाऱ्या कितीतरी जणींना हे नाव ठाऊकही नसेल. पण त्यांच्या पायांखालच्या वाटेवरचा पहिला मुरूम ज्यांनी टाकला, त्यांत रमाबाई होत्या.