प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी बाई, हे त्यांचे चित्र शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचे असते. त्यांच्या कामाचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. रुग्णाला काय कळले आहे आणि काय नाही, हे परिचारिकेने गृहीत धरायचे नाही, शोधून काढायचे, ही शिस्त त्यांनी शुश्रूषेला लावली. आज तिला रुग्णाची आरोग्य साक्षरता तपासणे म्हणतात.

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. गावाच्या नावावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. वडिलांनी घरीच त्यांना भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. गणिताचीही त्यांना गोडी होती. त्या काळात रुग्णसेवा हे कुलीन मुलीचे काम मानले जात नसे. घरच्यांचा विरोध सोसून त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे प्रशिक्षण घेतले. क्रिमियाचे युद्ध सुरू असताना, ४ नोव्हेंबर १८५४ रोजी, त्या ३८ स्त्रियांच्या तुकडीसह इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या.

तिथली घाण, गर्दी आणि जुलाब-तापाने होणारे मृत्यू यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच रुग्णालयात आणखी एक गोष्ट घडली. साधा सैनिक म्हणजे अडाणी, दारूत पैसा उडवणारा, त्याला शिकवून उपयोग नाही, असे अनेक अधिकाऱ्यांचे मत होते. नाइटिंगेल यांनी त्याच सैनिकांसाठी वाचनालये आणि वर्ग सुरू करवले, घरी पैसे पाठवण्याची सोय केली. सैनिक वर्गांना बसू लागले, पगारातले पैसे नियमित घरी जाऊ लागले. ज्याला काही समजणार नाही असे आपण ठरवून टाकतो, त्याला आपण नीट सांगितलेलेच नसते, हा अनुभव त्यांनी तिथून बरोबर आणला.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी मृत्यूंची आकडेवारी तपासली. जखमांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या आजारांनी गेले होते. पण आकड्यांचे तक्ते सत्ताधारी वाचणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी तीच माहिती पाकळ्यांसारख्या रंगीत आकृतीत मांडली. निळा रंग टाळता येणाऱ्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. आकृतीत निळा रंग इतका पसरलेला होता की वेगळे स्पष्टीकरण लागत नव्हते. समोरच्याला झेपेल अशा रूपात माहिती देणे हे सांगणाऱ्याचे काम आहे, मग समोर मंत्री असो वा मजूर.

१८५९ मध्ये त्यांचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटे पुस्तक तयार झाले. रुग्णाच्या निरीक्षणावरील प्रकरणात त्यांनी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवले. रात्र चांगली गेली का, हा प्रश्न त्यांना निरुपयोगी वाटे. सलग दहा तास झोप न मिळालेला एक जण रात्र वाईट गेली म्हणतो, तर अधूनमधून नुसता डोळा लागलेला दुसरा रात्र बरी गेली म्हणतो. त्यापेक्षा किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, असे विचारावे. भूक नाही या उत्तरामागेही त्यांना चार वेगवेगळी कारणे दिसत: अन्न नीट शिजलेले नसणे, चुकीचे अन्न, चुकीची वेळ किंवा खरोखरच भूक नसणे. प्रश्नातच उत्तर सुचवले की रुग्ण भिडेखातर होकार देतो आणि परिचारिका त्या होकारावर विसंबून राहते. यात रुग्णाचा जीव जाऊ शकतो, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. रुग्णाची नाडी, त्वचा, भूक, झोप, शुद्ध यांचे निरीक्षण हा तिथल्या शिक्षणाचा भाग होता. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, त्यांनी आपल्या पुस्तकाची श्रमिक वर्गासाठी स्वस्त आवृत्ती काढली. तीत तान्ह्या बाळाच्या संगोपनावर नवे प्रकरण घातले. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी ते साध्या बोलीत लिहिलेले होते. पुस्तक तेच, पण वाचणारी बदलली म्हणून भाषाही बदलली.

युद्धकाळातील आजारपणानंतर नाइटिंगेल यांची प्रकृती कधीच पूर्ण सुधारली नाही. बराच काळ त्यांनी अंथरुणावरूनच काम केले. वयाच्या सत्तरीनंतर, १८९२ मध्ये, इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात त्यांच्या प्रेरणेने एक प्रयोग सुरू झाला. काही स्त्रियांना खेड्यातल्या आयांना आरोग्य शिकवण्यासाठी तयार करायचे होते. आधी डॉक्टरांची व्याख्याने, मग त्यांच्याबरोबर घरोघरी भेटी आणि शेवटी परीक्षा. व्यासपीठावरचे भाषण ऐकून कुणाच्या घरातली सवय बदलत नाही, अशी नाइटिंगेल यांची खात्री होती. शिकवणारीने त्या घरात जावे, तिथली चूल, पाणी, खिडकी पाहावी, त्या बाईची मैत्रीण व्हावी, तेव्हा तिला काय ठाऊक आहे आणि काय अडते आहे ते कळते.

भारताविषयीही त्यांचे मत हेच होते. त्या इथे कधी आल्या नाहीत. पण भारतातील ब्रिटिश सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात पुढे आले, त्या कामामागे त्यांचे मोठे कष्ट होते. पुढे त्यांचे लक्ष लष्करी छावण्यांकडून खेड्यांकडे वळले. मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. लोकांना कारण पटल्याशिवाय कायदा कागदावरच राहील, असे त्यांना वाटे. गावकऱ्यांच्या भाषेत व्याख्याने द्यावीत, जादूच्या कंदिलाने दूषित पाण्यातील जीव पडद्यावर दाखवावेत, मग घरोघरी जाऊन बोलावे, अशा सूचना त्यांनी केल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आरोग्य साक्षरता हा शब्द त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, १९७० च्या दशकात वापरात आला. ती मोजण्याच्या चाचण्याही आता आहेत. एका चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरील माहिती वाचायला देऊन सहा प्रश्न विचारतात. पण रोजच्या वॉर्डात सर्वांत उपयोगी पडणारी पद्धत नाइटिंगेल यांच्या शिकवणीच्या फार जवळची आहे. घरी जाणाऱ्या रुग्णाला समजले का, असे विचारले की मान हलते. शिकलेला माणूसही मान हलवतो, कारण न समजल्याचे सांगायला लाज वाटते. त्याऐवजी ही गोळी घरी कधी आणि कशी घ्याल, ते मला सांगा, असे सिस्टरने विचारले, इन्शुलिन त्याच्याच हाताने भरून दाखवायला सांगितले, तर चूक तिथेच सापडते. उत्तर चुकले तर रुग्ण नापास होत नाही. आपण पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायला हवे, एवढेच त्यातून कळते. या विचारण्याला दोन मिनिटे लागतात. ती वाचवली, तर तोच रुग्ण काही दिवसांनी साखर उतरून बेशुद्धावस्थेत परत येऊ शकतो.